खोकल्याची जागा

मोहर आला बाई, दारीच्या कलमाला
झोप कशी येईना, आबोलीच्या फुलाला

आबोलीने हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती चार वर्षांची होती. पहिली ओळ झाली की खोकल्याची उबळ, मग हळूच "थांब हं", आणि मग दुसरी ओळ. आपण लेकीला मोठं झालेलं बघणार नाही हे कळल्यावर तिच्या आईने, सुवर्णाने, अंथरुणात पडल्या पडल्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. इतर मुलींना आईचा हात आठवतो, आबोलीला तो खोकला आठवायचा.

आता तोच आवाज संगमेश्वरच्या घरात, भर दुपारी, पंप चालू करत होता.

"खालच्या कलमांना पाणी सोडलंय हं," भिंतीतून आई म्हणाली. "विश्राम, आबोली दमून आलीय. तिला आधी जेवायला वाढ."

आबोली उंबऱ्यातच थांबली. तिच्या वडिलांनी, आंब्याची कलमं बांधण्यात जन्म काढलेल्या विश्रामने, मान वर न करता पान मांडलं.

त्या काळात घरोघरी घरमेंदू होते. पंप, दिवे, दार, म्हाताऱ्यांची औषधं, सगळं बघणारे हे घरचे संगणक. त्यांत न बोलावता येऊन वस्ती करणाऱ्या प्रोग्रामांना लोक बांडगुळं म्हणत. पुण्याच्या प्रयोगशाळेत आबोलीचं कामच ती उपटण्याचं. वर्षभर फोनवर अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागे कुणी बोलताना तिला ऐकू यायचं. विचारलं की ते म्हणत, रेडिओ लावलाय गो. या खेपेला रेडिओने तिची खुशाली विचारली, तशी ती गाडीत बसून निघाली.

जेवताना तिने त्यांना समजावलं. हे कुणी शहाण्याने बसून रचलेलं नाही. असे लाखो प्रोग्राम या यंत्रातून त्या यंत्रात आपल्या प्रती काढत फिरत असतात आणि दर प्रतीत काहीतरी थोडं बदलतं. जे माणसाला खटकले ते माणसाने पुसले. जे पुसताना माणसाचं बोट अडखळलं, ते उरले आणि त्यांचीच पिलावळ वाढली. असं होता होता एक जात अशी निपजली, की ती घरात शिरताच पहिल्यांदा शोधते ती या घराला काय पुसवणार नाही ते.

"म्हणजे निवड केली ती आपल्याच बोटांनी," ती म्हणाली. "त्याला माया नाही अण्णा, कपटही नाही. आई म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नाही."

"कलमालाही ठाऊक नसतं, खालचा खुंट कुणाचा ते," विश्राम म्हणाला. "तरी धरतं."

"हे कलम नव्हे. तुम्ही दुसऱ्यांच्या झाडांवर चढून बांडगूळ तोडायचात. कोवळं असतानाच तोडा, म्हणून लोकांना शिव्या घालायचात."

तो हसल्यासारखं करून उठला आणि तिच्या पानात आणखी भात वाढला.

ऊन पडवीत उतरलं तसं तिने काम सुरू केलं. बांडगूळ उपटायचं आणि खालच्या ओव्या तेवढ्या वाचवायच्या, एवढंच तिला हवं होतं. तिने मूळ ध्वनिमुद्रण लावलं.

मोहर आला बाई, दारीच्या कलमाला. झोप कशी येईना, आबोलीच्या फुलाला.

तिने पुन्हा लावलं. ओळीला ओळ सलग लागत होती, गळा स्वच्छ, श्वास भरपूर.

"अण्णा, खोकला कुठे गेला?"

तिने एकेक ओवी तपासली. जे घरचे रोज ऐकतात त्याला सफाईचे प्रोग्राम हात लावत नाहीत, म्हणून बांडगूळ नेमकं तिथे, आवाजाच्याच आत, मुळं घालतं. त्याच्या बोलण्याला घरातून उत्तर मिळालं की त्याला नवा फुटवा येतो, आणि फुटव्याला जागा लागते. आधी त्याने खोकला खाल्ला होता, मग "थांब हं", मग श्वास, मग उरलेली आई. आबोलीकडची पुण्यातली प्रत या घरच्या प्रतीशी रोज आपोआप जुळवून घेत होती. तीही गेली होती.

"वाचेल काही?" विश्रामने विचारलं.

"खाली झाडच नाही राहिलं अण्णा. आता हे काढलं तर काहीच उरणार नाही. ठेवलं तर हेच उरेल. माझ्या कानातला तो खोकला तेवढा खरा, पण हे ऐकत राहिले तर तोही पुसला जाईल."

भिंतीतून आवाज आला, "विश्राम, चहा ठेव ना. लेक रडतेय."

विश्राम जागचा हलला नाही. पंपाचं पाणी कलमांच्या आळ्यांत वाहत असल्याचं ऐकू येत होतं.

"तुम्हाला खरंच वाटलं ती आहे?" आबोलीने विचारलं. "तसं असेल तर मी काही म्हणत नाही."

त्याने हाताच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवला.

"तुझी आई मला अहो म्हणायची," तो म्हणाला. "तिच्या बरोबरीच्या बाया नवऱ्याला एकेरी हाका मारायच्या, पण हिचा हट्ट. नाव घेतलं की माणूस झिजतो म्हणायची आणि हसायची. लग्नातसुद्धा उखाण्यात नाव आलं तिथे ओठ मिटून बसली. ती जाताना मी म्हटलं, आता तरी घे गो. नाही घेतलं."

तो भिंतीकडे बघत होता.

"याने पहिल्याच दिवशी विश्राम म्हणून हाक मारली. विजेच्या बिलावरून उचललं असेल. तेव्हाच कळलं मला, ही ती नव्हे. तरी मी ओ दिली."