वाटूरचा न झालेला प्रयोग

गुरुवार, ९ एप्रिल. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. अंबड.

नागसेनच्या फोनवर लावलेल्या रेकॉर्डिंगमध्ये एक माणूस गायला लागला.

तो माणूस चाळीस वर्षांपूर्वी वारला होता. तो नागसेनचा बाप होता.

आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये त्याचा आवाज असूच शकत नव्हता... कारण ते रेकॉर्डिंग नागसेनने त्याच सकाळी, स्वतःच्या हाताने, खोटं तयार केलं होतं.

यातलं काहीही रचलेलं नाही. वेळा फोनमधल्या नोंदींवरून घेतल्या आहेत. बाकीचं, ज्यांनी ऐकलं त्यांनी सांगितलं तेवढंच.

बुधवारी डॉक्टरांनी नागसेनच्या आईला, चांगुणाबाईंना, घरी पाठवलं होतं. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. "दोन दिवस," डॉक्टर म्हणाले. "फार तर तीन."

घरी आल्यावर चांगुणाबाईंनी औषध मागितलं नाही.

"नागसेन, तुझ्या बापाचा चेहरा डोळ्यापुढं हाय. आवाज न्हाई आठवत. किती वर्सं झाली, आठवून राह्यले... येतच न्हाई. एकदा ऐकव मला."

नागसेनचे वडील देवानंद शाळेत मास्तर होते आणि जालन्याच्या एका हौशी मंडळीत नायकाचं काम करायचे. नाटक एकच, 'संगीत नीलवसना'. चार अंक, सव्वीस पदं. नागसेन वर्षाचा असताना, ११ फेब्रुवारी १९८६ ला, मंडळी वाटूरच्या प्रयोगाला निघाली. वाटूर दोन किलोमीटरवर असताना टेम्पो उलटला. देवानंद जागीच गेले.

वाटूरचा प्रयोग झालाच नाही.

त्याआधीचे काही प्रयोग मात्र रसिकांनी रंगमंचाखाली टेप ठेवून उतरवून घेतले होते. ती रेकॉर्डिंग्ज आजही हातोहात फिरतात. त्यासाठी व्हॉट्सअॅपवर त्रेसष्ट जणांचा एक ग्रुप आहे. तिथे पैसे चालत नाहीत. दुसऱ्या कुणाकडे नसलेला प्रयोग द्यायचा, तारीख आणि गावासकट. तरच तसा प्रयोग मिळतो.

देवानंदांचा आवाज एकाच टेपमध्ये होता. टेंभुर्णी, १९८४. ती टेप जालन्याचे कापडवाले पारसशेठ यांच्याकडे होती.

नागसेनने फोन केला. आईचं सांगितलं.

"नागसेनभाऊ, वाईट वाटून घेऊ नका," पारसशेठ म्हणाले. "मागल्या साली एकानं मरणाला टेकलेले आजोबा सांगितले. मी लगेच टेप दिली. पंधरा दिवसांनी आजोबा मला बसस्टँडवर भेटले, भजे खाऊन राह्यले होते."

"शेठ, पाया पडतो तुमच्या."

"पाया पडू नका, प्रयोग द्या. नियम म्हंजे नियम."

नागसेनचं कोर्टासमोर टायपिंगचं दुकान आहे. गुरुवारी पहाटेच तो तिथे जाऊन बसला. बाजारात मिळणाऱ्या नीलवसनाच्या ध्वनिमुद्रिकेतली पदं घेतली. ती दुसऱ्या कुणाची, मोठ्या गायकाची. आवाज जरा दबका केला. मागे जनरेटरची घरघर टाकली. खुर्च्यांची करकर, खोकले, टाळ्या.

बावीस मिनिटं झाली.

आता तारीख हवी होती. ग्रुपच्या यादीत नसलेली, कुणाला पडताळता येणार नाही अशी. त्याला एकच माहीत होती.

त्याने लिहिलं... ११ फेब्रुवारी १९८६, वाटूर.

लिहिताना हात थांबला होता, असं तो सांगतो. पण घरी आईचे मोजकेच श्वास उरले होते. दुपारी पावणेदोनला त्याने फाइल पाठवली.

तीन वाजता पारसशेठचा फोन आला. ते रडत होते.

"कुठं मिळालं हे? अहो, हे तर देवानंद सर! टेंभुर्णीला मी पहिल्या रांगेत होतो. तोच गळा."

"शेठ... मी बनवलंय ते. खोटं हाय. माफ करा."

"बाकी सगळं बनवता येतं, भाऊ. गळा न्हाई बनवता येत."

नागसेनने आईच्या उशाशी बसून फाइल लावली. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

जनरेटरची घरघर तीच. टाळ्या त्याच.

पण गाणारा वेगळा होता.

चांगुणाबाईंनी डोळे उघडले. मग हसल्या.

"पोचले म्हनायचे वाटूरला."

संध्याकाळी पारसशेठनी टेंभुर्णीची टेप काढून पाहिली. पेटी होती. तबला होता. नायिकेची वाक्यं होती. नायकाच्या जागी... काहीच नव्हतं. पेटी वाजायची, कुणासाठी तरी थांबायची, पुन्हा वाजायची.

शुक्रवारी सकाळी नागसेनने फाइल पाहिली. एकेचाळीस मिनिटं.

पहिला अंक संपून दुसरा सुरू झाला होता. त्यात त्याने न घातलेले संवाद होते. एक लेकरू रडत होतं. कुणीतरी त्याला बाहेर नेलं.

शनिवारी एक तास. रविवारी त्याहून पुढे.

रोज सकाळी नाटक वाढलेलं असायचं, आणि रोज चांगुणाबाई उशीला टेकून बसायच्या. पेज प्यायच्या. डॉक्टरांनी सांगितलेले तीन दिवस गेले. आठ गेले. डॉक्टर घरी येऊन नाडी पाहून गेले.

नागसेनच्या बायकोने, साधनाने, एकदा हसून विचारलं, "आत्या, मामंजी रोज एवढं गाऊन राह्यले, तुम्हाला कंटाळा न्हाई येत?"

"अगं, त्या दिवशी जाताना म्हनले होते ते मला," चांगुणाबाई म्हणाल्या. "नाटक संपलं की येतो, झोपू नको. म्हनून बसले मी जागी."

साधनाचं हसू गेलं. ती स्वयंपाकघरात आली आणि नागसेनचा हात धरला.

"अहो... नाटक संपलं की काय होईल?"

नागसेनने नाटकाचं पुस्तक मिळवलं. रोज झालेली पदं त्यात खोडायला लागला. फाइल पुसून टाकावी असं त्याच्या मनात आलं. रविवारी, १९ तारखेला, दिवसभर चालू असणारी ती फाइल त्याने एक तासभर नुसती बंद ठेवली. त्या तासात आईची नखं निळी पडली. त्याने पुन्हा लावली.

सोमवारी चौथा अंक सुरू झाला.

मंगळवार, २१ एप्रिल. सकाळी पारसशेठ जालन्याहून आले. कोपऱ्यात खाली बसले. फाइल तीन तास अठ्ठावन्न मिनिटांची झाली होती. पुस्तकात एकच पद उरलं होतं.

दहा वाजून वीस मिनिटांनी ते सुरू झालं. चार मिनिटांचं पद.

देवानंद फार सुंदर गायले. शेवटची तान संपली. टाळ्या झाल्या. पेटीवर समारोपाचे सूर लागले...

चांगुणाबाईंनी पदर सारखा केला. दाराकडे पाहिलं. एक लांब श्वास सोडला.

पुढचा आला नाही.

नागसेन ओरडला.

"वन्स मोअर!"

घरात कुणी हललं नाही. फोनमध्ये टाळ्या थांबल्या. पेटी थांबली. जनरेटर तेवढा चालू.

आणि मग पेटीने तेच पद पहिल्यापासून धरलं.

चांगुणाबाईंचा श्वास आला.

ते संपलं तसा नागसेन पुन्हा ओरडला. मग साधना. मग पारसशेठही उठून उभे राहिले आणि हात वर करून ओरडले, "वन्स मोअर, देवानंद सर! वन्स मोअर!" फोनवरची वेळ पुढे सरकत राहिली. चार तास. पाच तास. शेजारचे साहेबराव आवाज ऐकून आले. त्यांना काय चाललंय ते कुणी सांगितलं नाही, पण तेही ओरडायला लागले.

पंचविसाव्या वेळी देवानंदांचा आवाज फाटला.

सत्ताविसाव्या वेळी ते एका ओळीनंतर खोकले. पेटीने ती जागा भरून काढली.

"नागसेन," चांगुणाबाई म्हणाल्या. "किती राबवतो रे बापाला? थकले ते. येऊ दे आता."

"माय, बोलू नको तू."

"बिलकुल ऐकत न्हाई. बापावर गेला."

नागसेनने आईकडे पाहिलं नाही. त्याचाही गळा बसला होता. फोन चार्जरवर होता. पारसशेठ भिंतीला टेकून पाणी पीत होते, पुढची पाळी त्यांची होती.

बारा वाजून वीस मिनिटांनी एकतिसाव्या वेळी पद सुरू झालं. पहिली ओळ नुसती पेटीनेच वाजवली. दुसऱ्या ओळीला देवानंद आले... गाणं नव्हतं ते, कुजबुज होती.

हे लिहिताना, दुपारी साडेबारापर्यंत, इतकंच कळलं होतं. पद चालू होतं. चांगुणाबाई जाग्या होत्या.