रस्सा सांडला तर खरं सांगायचं

एल्बाने साल्तेन्याचा, म्हणजे मांस भरलेल्या भाजक्या करंजीचा, एक कोपरा चावला आणि आतला गरम रस्सा थेट समोरच्या माणसाच्या कोऱ्या अर्जावर सांडला.

"अरे देवा... माफ करा हं!"

"राहू द्या." त्या माणसाने कागद उचलून झटकला. "आमच्याकडे काय म्हणतात ठाऊक आहे? ज्याचा रस्सा सांडला, त्याने सगळ्यांचं बिल भरायचं."

"तुमच्याकडे म्हणजे? मीही कोचाबांबा शहराचीच आहे म्हटलं!"

"मग तर तुम्हाला लाजच वाटायला हवी." तो हसला. "बरं, बिल नको. माझ्या टेबलावर नियम वेगळा आहे. रस्सा सांडला तर खरं सांगायचं. बसा."

तो साउल क्लारोस. आठवडाभर शाळेची बस चालवायचा आणि शनिवारी सकाळी आर्लिंग्टनच्या या चर्चच्या तळघरात परदेशातून आलेल्या लोकांचे नागरिकत्वाचे अर्ज फुकट भरून द्यायचा. त्याने नवा अर्ज पुढे ओढला.

"नाव?"

"एल्बा मोंतान्यो. पण ते माझं नाही. आमच्यात बाई लग्नानंतर नाव बदलते का कधी? नवऱ्याच्या चुलतभावाने पहिल्या कागदावर ठोकून दिलं आणि दहा वर्षं तेच चिकटलंय. मी रोकाबादो. एल्बा रोकाबादो सुरिता."

"मग तेच मागून घेऊ, या अर्जातच सोय आहे." पेन क्षणभर अडखळलं. "लग्न... झालंय?"

एल्बाने रुमालाने बोटं पुसली, पुन्हा पुसली. नवरा, वाल्तेर, चार वर्षांपूर्वी टेक्सासला गेला तो गेलाच. ना फोन, ना पत्र.

"तो विषय संपला," ती म्हणाली.

साउलने मान हलवली आणि खूण केली. 'घटस्फोटित'च्या चौकोनात. एल्बाला ते लख्ख दिसलं. खरं तर तेव्हाच म्हणायला हवं होतं, अहो, विभक्त आहे, घटस्फोट कुठे झालाय? पण तो मान खाली घालून लिहीत होता, कपाळावर एक बट आली होती, आणि का कोण जाणे... तिला ती खूण खोडावीशी वाटली नाही.

तिथेच तिचं चुकलं.

मग शनिवार येत गेले. साउल तिच्याकडून परीक्षेचे शंभर प्रश्न पाठ करून घ्यायचा.

"झेंड्यावर तारे किती?"

"पन्नास."

"माझ्या शर्टाला बटणं किती?"

"सहा. त्यातलं एक तुटायला आलंय."

"हा प्रश्न परीक्षेत नाही, दोन्या एल्बा." तिकडच्या रीतीने तो तिला अदबीने 'दोन्या', म्हणजे बाई, म्हणायचा.

"मग विचारलात कशाला?"

दारात साल्तेन्या विकणारी प्रिमा हे सगळं पाहून गालातल्या गालात हसायची. पण एल्बाच्या मुलाखतीचं पत्र आलं त्या दिवशी तिने एल्बाला बाजूला ओढलं. "काय गं, घटस्फोट नसेल तर नाव बदलायला नवऱ्याची सही लागते म्हणे! कुठे शोधणार त्या वाल्तेरला?"

हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरी घड्या करताना दिवसभर एल्बाला तो चौकोन दिसू लागला. शपथेवर दिलेला अर्ज, आणि त्यात खोटं! नागरिकत्व नाकारलं तर आईला इकडे आणायचं कसं? आई तिकडे एकटी, मोतीबिंदूने अधू झालेली, भिंत चाचपत न्हाणीघरात जाणारी. आणि विचारायचं कुणाला? ज्याला विचारावं, त्यालाच तर कळू द्यायचं नव्हतं.

मुलाखतीच्या सकाळी साउलने तिला गाडीतून नेलं. काचेवर बारीक पाऊस होता. कचेरीसमोर गाडी थांबली, पण एल्बाचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

"साउल, माझा घटस्फोट झालेला नाही."

वायपर दोनदा फिरला.

"मी प्रत्येकाला पुढचा प्रश्न विचारतो," तो हळूच म्हणाला. "कोर्टाचे कागद आहेत का? शंभर जणांना विचारला असेल. तुम्हाला... नाही विचारला."

"का?"

"उत्तर नको ते येईल म्हणून."

तिला संताप आला, अगदी टाळूपर्यंत. "माझी आई तिकडे भिंती चाचपतेय आणि तुम्ही मला आवडेल ते लिहून मोकळे!"

"हो."

"आणि मी! मी पाहिलं होतं तुमचं पेन कुठे टेकलं ते. पाहिलं आणि गप्प बसले." तिचा आवाज फाटला. "कारण तुम्हाला ते खरं वाटावं, असं मला वाटत होतं."

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ती उतरून चालू लागली होती. पावसात, छत्री न घेता.

आत अधिकारीण बाईंनी खरं बोलण्याची शपथ दिली. हात खाली यायच्या आत एल्बा बोलली, "माझ्या अर्जात एक चूक आहे. मी विभक्त आहे, घटस्फोटित नाही."

"मग इथे असं का आहे?"

"लिहिताना मी अडवलं नाही. ते खरं असावं, असं मनात होतं."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मग बाईंनी लाल पेनाने ती खूण काटली, शेजारी नवी केली आणि कागद सहीसाठी फिरवला. "आपण होऊन सांगितलंत, बरं केलंत. नाव बदलायचंय ना?"

"त्याला... नवऱ्याची सही लागते?"

"नाव तुमचं, सही तुमची." बाई पहिल्यांदाच हसल्या. "पण ते न्यायाधीशांसमोर होतं, दीड महिना थांबावं लागेल. मोंतान्योच ठेवलंत तर आजच दुपारी नागरिकत्वाची शपथ."

आजच! एल्बाने डोळे मिटले. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागायचं? मग आईचा फोनवरचा आवाज आठवला. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव शेजारणीकडून वाचून घेत म्हातारी दरवेळी फटकारायची, "ही मोंतान्यो कोण गं? मी असल्या कुणाला जन्म दिलेला नाही!"

"थांबते," एल्बा म्हणाली.

ती बाहेर आली तेव्हा साउल छत्री धरून पायऱ्यांशी उभा होता. त्याने तिला घरापर्यंत सोडलं. ती उतरताना म्हणाली, "त्या बटणाचं काहीतरी करा."

दीड महिन्याने कोर्टात शपथविधीला कारकुनाने नाव पुकारलं. "एल्बा रोकाबादो सुरिता!" ती ताडकन उठली. मागच्या बाकावर साउल होता, आणि प्रिमा, जी इतक्या जोरात रडत होती की शिपायाने तिला गप्प केलं.

बाहेर ऊन पडलं होतं. एल्बाने पिशवीतून दुसरा अर्ज काढला आणि साउलपुढे धरला. घटस्फोटाचा.

"भरा. या वेळी विचारून भरा."

साउलने दोन्ही हात खिशात घातले. "हा मी नाही भरणार, दोन्या एल्बा. माझा हात पुन्हा त्याला हवं तिथेच खूण करेल. चर्चमधल्या सिस्टर इनेसकडे जा. त्यांना यात काहीच नकोय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या शर्टाची सहाही बटणं घट्ट होती. मग तिने प्रिमाच्या टोपलीतली एक साल्तेन्या उचलली, चावली, आणि मुद्दाम कलती केली. रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"सांडला," ती म्हणाली. "विचारा."

साउल एक पाऊल पुढे आला.

"दोन्या एल्बा... लग्न झालंय तुमचं?"

"झालंय. अजून मोडलेलं नाही. महिने लागतील. थांबाल?"

त्याने खिशातून रुमाल काढला आणि तिचं मनगट पुसलं, अगदी सावकाश.

"थांबेन," तो म्हणाला.