सहावा भाग कोणी वाचला?

सहावा

"पुडक्यात पुस्तकच नाही, जमादार!"

लमाणांच्या तांड्याचा नाईक धनसिंग दारात धापा टाकत उभा होता. मागे त्याची मुलगी जमनी. तिच्या हातात खाकी कागदाचं पुडकं, फोडलेलं.

वामनराव पोलिसातून निवृत्त झाले होते, तरी गाव त्यांना जमादारच म्हणे. त्यांनी पुडकं उलटं केलं. जुन्या वर्तमानपत्राचे कागद खाली पडले. पुस्तकाच्या मापाचे, नीट कापलेले.

"कोनं फोडलं?"

"मी," जमनी म्हणाली. "संध्याकाळी साऱ्या गावापुढं वाचाचं होतं. एक डाव पाहून घ्याव म्हनलं."

"सभेतच फोडाचं असते. मालूम नव्हतं?"

"मालूम होतं."

धनसिंगनं पागोटं काढून हातात घेतलं. "सरपंच म्हनते, सांज होयेपर्यंत पानं आना. नाही तं तांड्याचं नाव वाचनालयातून कटलं. जमादार, पोरगी वर्षभर तिथच्या टेबलाशी बसून शिकली. आता तिले दारातून हाकलतीन."

पहिला ते पाचवा

१९६१ सालचा हिवाळा. राळेगावकडच्या त्या गावात वाचनालय सुरू होऊन वर्ष झालं होतं. शाळेच्या बाई विमलताई ते सांभाळत. सगळ्या गावानं एकच पुस्तक वाचायचं, ही कल्पना त्यांचीच.

प्रत मात्र एकच होती. दिवाणाच्या खुनाची जाड कादंबरी.

विमलताईंनी पात्यानं तिचे सहा भाग केले. दर बाजाराच्या दिवशी एका भागाचं पुडकं व्हायचं. तोंडावर खळीनं कागदी पट्टी डकवायची, पट्टीवर सरपंचांनी सही करायची. पुडकं ज्याची पाळी त्या आळीत जायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पारावर सगळ्यांसमोर फुटायचं. पुढचं कोणालाच ठाऊक नसायचं. विमलताईसुद्धा न वाचताच बांधत, असं त्याच सांगत.

कापूस वेचताना बायका भांडू लागल्या. खून आचाऱ्यानं केला की पुतण्यानं? एकीनं तर दिवाणाच्या बायकोवर संशय घेतला आणि तिच्या सासूनं तो मनावर घेतला.

चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा सहावा भाग तांड्याला गेला.

विचारपूस : सरपंच सदाशिवराव

"पट्टीवर सही तुमची?"

"माहीच. बाईनं पुडकं बांधलं, डकवलं, मी सही केली."

"आत पुस्तक पाह्यलं?"

"आतापावतो कधी पाह्यलं का? बाई बांधते, मी सही करतो. जमादार, कायले डोकं खपवता? पुडकं रातभर कोनाच्या घरी होतं? कोनं फोडलं? आनखी काय पाह्यजे तुमाले?"

"पोरीनं पानं चोरून करावं काय?"

"थे तिलेच पुसा. मी पहिलेच म्हनलं होतं, पुडकं तांड्यात कायले धाडता? बाईसुद्धा शेवटी भेली होती."

"भेली?"

"परवा म्हने, जमनीले दुसरं काही वाचाले देऊ, सहावा मीच वाचतो. मी म्हनलं, चिठ्ठी निघाली म्हंजे निघाली." सदाशिवराव जरा पुढे सरकले. आवाज उतरला. "जमादार, पानं भेटली तं पहिले मले सांगजा. आचारीच हाय ना?"

विचारपूस : जमनीची आई लालीबाई

"पुडकं कुठं ठेवलं होतं?"

"मोठ्या पेटीत. माह्या घागऱ्याच्या घडीत. किल्ली माह्या गळ्यात."

"पोरीनं सकाळच्या आधी फोडलं?"

"नाही. सकाळीबी मीच फोडू देत नव्हतो. पोरगी मले म्हने, याडी, अडखळलो तं गाव हासन." लालीबाईनं डोळ्याला पदर लावला आणि लगेच काढला. "एक पुसू, जमादार? त्या दिवानाले कोनं मारलं? आमचा बुढा रातभर पुतन्या पुतन्या करून राह्यला."

विचारपूस : विमलताई

"सहाव्या भागाचं पुडकं बांधलं तेव्हा पानं आत होती?"

"होती."

"दुसऱ्या कोणी हात लावला?"

"नाही. म्हणजे... सरपंच होते समोर." हाताला खळ लागल्यासारखी बाई बोटं एकमेकांवर घासत होत्या. "जमादार, तांड्याला काढू नका. जबाबदारी वाचनालयाची आहे. कार्यक्रम रद्द करू. मी यवतमाळहून दुसरं पुस्तक आणते."

"अन् हे असंच सोडाचं?"

"एक पुस्तक अर्धं राहिलं, तर काय बिघडतं?"

वामनराव उठले. खाकी कागद उन्हात धरून पाहिला. पट्टी जिथे होती तिथे खळीचा एकच डाग होता. कडा सरळ. त्याखाली दुसरा थर नाही, कागद सोललेला नाही.

इथे थांबा

पुडक्यात पानं नव्हती. खळीचा डाग एक होता. तिघांची विचारपूस झाली होती. ज्याला सांगायचं असेल त्यानं आताच नाव सांगावं.

उलगडा

पारावर गाव जमलं होतं. तांडा एका बाजूला उभा होता. बसा, असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं.

"रात्री पुडकं फोडून पुन्हा डकवलं असतं," वामनराव म्हणाले, "तं कागदावर खळ दोनदा लागली असती. ती एकदाच लागली. अन् सकाळी फोडून पानं लपवली असती, तं मापाचे कागद कापून भराचं कारनच नव्हतं. म्हंजे पट्टी डकवली तेव्हाच आत वर्तमानपत्र होतं. तांड्यात पोचलं ते रिकामं पुडकं."

"मंग माह्यावर येऊन राह्यले काय?" सदाशिवराव ताडकन उठले.

"बसा. तिथं दोघं होते. तुमी अन् बाई. तांड्याले काढाचं कारन तुमच्यापाशी होतं, म्हनून दुपारपावतो मी तुमालेच धरून होतो. पन तुमी मले काय पुसलं? आचारीच ना? लालीबाईनं पुसलं. घरून इथपावतो येताना अकरा जनांनी पुसलं, खून कोनं केला. ज्यायची विचारपूस केली त्यायच्यात एकाच मानसानं पुसलं नाही."

वामनराव बाईंकडे वळले.

"कारन त्या मानसाले मालूम होतं. विमलताई, सहावा भाग तुमी वाचला."

बाई उभ्या राहिल्या. पिशवीतून शिवलेली पानं काढली.

"वाचला. पुतण्या नाही, आचारी नाही. एक लमाण. मीठ विकायला आलेला. आणि त्याच्या जातीबद्दल लेखकानं जे लिहिलंय..." त्यांनी ते पान मिटलं. "ते जमनीच्या तोंडून, तिच्या आईबापासमोर? मी आज दुपारी पुडकं परत मागवणार होते, माझ्याकडून हरवलं म्हणणार होते. तिनं सकाळीच फोडलं. मग आळ तिच्यावर आला आणि मला तोंड उघडता आलं नाही. मी तुमची लाज राखायला गेले, धनसिंग."

"लाज कोनाची, बाई? आमची का लिहिनाऱ्याची?" धनसिंगचा आवाज चढला नव्हता. "तुमी न पुसता लपवलं. सकाळपासून चोर आमीच झालो."



"तांड्याचं नाव?" वामनरावांनी विचारलं.

"राहीन," सरपंच पुटपुटले. "झालं तं मंग. आता ते वाचाचं कायले? चला, उठा."

लोक उठू लागले.

"माही पाळी हाय," जमनी म्हणाली.

तिनं बाईंच्या हातून पानं घेतली आणि वाचायला लागली. लमाणाचं नाव आलं. मग ते वाक्य आलं, 'या जातीला चोरी शिकवावी लागत नाही.' तिनं ते इतर वाक्यांसारखंच वाचलं. लालीबाई मुलीकडे बघत राहिली. गावातले बरेच जण जमिनीकडे बघत होते.

पानं संपली. पहिली बोलली ती कोकिळा, दिवाणाच्या बायकोवर संशय घेऊन सासूला दुखावणारी.

"हे काही पटलं नाही मले. दिवानाच्या खोलीले तं आतून कडी होती. मीठवाला आत गेला कसा?"

"अन् कुत्रं बांधेल होतं कोनं?" मागून कोणी म्हणालं.

"मीठवाल्याले तिजोरी कुठं, हे काय मालूम?"

"लेखकाले सापडला नाही, म्हनून लमानावर लोटला," लालीबाई म्हणाली.

कोणीतरी हसलं. मग बरेच जण.

"मंग जमादार," धनसिंगनं विचारलं, "खून केला कोनं?"

वामनरावांनी जमनीकडे पाहिलं. तिनं पहिला भाग मागितला. उठलेली माणसं पुन्हा खाली बसली आणि तांड्यासाठी जागा करायला सरकली.