डोक्याकडची दोरी

उन्हाळा लागला की आमच्या केल्सो गावात केल्सो आडनावाची माणसं उगवतात. कॅनडातून, न्यूझीलंडमधून. प्रश्न एकच : आमचं मूळ घर कुठलं? गावातल्या मयतींची व्यवस्था मी बघतो, त्यामुळे दफनभूमीत माझंच डोकं खातात. अहो, गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण देतं? जो सोडून गेला त्याला परगावच्यांनी केल्सो म्हटलं. इथे त्याला काय म्हणत, देव जाणे. सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला.

त्या दिवशी नॅन कर नावाच्या म्हातारीचं दफन होतं. शवपेटी खाली सोडताना डोक्याकडची दोरी रक्ताच्या नातेवाइकाने धरायची, असा आमचा रिवाज. नॅनला कुणीच नव्हतं. तेवढ्यात असंच एक केल्सो जोडपं टपकलं.

"मी धरू?" नवऱ्याने विचारलं.

"धरा एकदाची. पण मग प्रश्न बंद."

त्याने टोपी काढून बायकोकडे, डोरीनकडे दिली.

"लवकर ये रे," डोरीन म्हणाली. "बस चुकली तर पूर्वजांच्यातच झोपावं लागेल तुला." ती स्टॉपकडे गेली.

पेटी तळाला टेकली. आम्ही दोऱ्या खड्ड्यात टाकल्या. त्याने टाकली नाही. त्याची दोरी अजून ताठ होती.

"सोडा की आता."

"खालून कुणीतरी धरलीय."

कबर खणणारा डॉड खुसखुसला, "नॅनची मूठ घट्ट होतीच." मला हसू येईना. वैतागून मी दोरीला हात घातला, तर खालून हिसका बसला.

"ती मला नावाने हाक मारतेय," तो म्हणाला.

"कुठल्या नावाने?"

त्याने सांगितलं. ते केल्सो नव्हतं.

आता त्याला बायकोच हलवू शकेल, म्हणून मी स्टॉपवर धावलो. बस लागलेलीच होती.

"बाई, चला लवकर. तुमचे यजमान दोरी सोडत नाहीत."

"कोण यजमान?"

"मिस्टर केल्सो."

"माझं लग्नच झालेलं नाही," ती वैतागून म्हणाली. "मी मिस फ्रीसन. एकटीच आलेय."

"अहो, मघाशी तुम्हीच—"

तिने ड्रायव्हरकडे एकटीचं तिकीट मागितलं. मला भीती वाटली. इतकी की दारातून हलवेना. ती खिडकीशी बसली. हातातली टोपी तिने शेजारच्या सीटवर ठेवली.

मागून एक म्हातारी चढली आणि तिथे बसायला वाकली.

"इथे नका बसू," डोरीन म्हणाली. "माणूस येतोय."