कफनाची कड

"बाई, निकाल लागला. एकोणीसशे वर्षं!"

प्रयोगशाळेतल्या माणसाने फोनवर सांगितलं.

बाई संग्रहालयात जुनी कापडं जपायचं काम करत. चर्चमध्ये येशूचं कफन म्हणून पुजलं जाणारं लिनन फार तर सातशे वर्षांचं आहे, असं त्यांनी विणीवरून छातीठोकपणे लिहिलं होतं. ज्यांच्या हाताखाली त्या शिकल्या, ते सर चाळीस वर्षं सांगत आले होते की कफन खरंच येशूच्या काळचं. म्हणून कफनाचा नमुना वय तपासायला प्रयोगशाळेत गेला होता, आणि त्या निकालावर उद्या अकराला समिती बसणार होती. बाईंची नोकरी जाणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

"नमुना बदलला तर नाही ना?"

"डबीवरची लाखेची मोहोर शाबूत होती. निम्मं कापड आम्ही कडेचे रेशमी टाके उसवून तपासणीत जाळलं. उरलेलं पाठवलंय."

"कसले टाके?"

"आम्हाला वाटलं, तुमच्याकडची पद्धत असेल."

दुपारी पाकीट आलं. बाईंनी तुकडा भिंगाखाली धरला. एका कडेला टाके अजून शिल्लक होते. तिरपे, तांदळाच्या कणीहून बारीक. नमुन्याला तर त्यांनी एकही टाका घातला नव्हता.

त्या तडक चर्चमध्ये गेल्या.

"फादर, नीट आठवून सांगा. नमुना कापला तेव्हा काय काय झालं?"

"तुम्ही कापलात. मी दिवा धरला होता."

"मग?"

"सर मागे लागले, कफनाची कड मोकळी ठेवू नकोस. तुम्ही मान खाली घालून शिवायला बसलात. तेवढ्यात सरांनी नमुना डबीत घालून लाख लावली. पाच मिनिटांत डबी माझ्या हातात, आणि मी ती प्रयोगशाळेत नेऊन दिली."

"वाटेत कुठे थांबलात?"

"माझ्यावर संशय होय!" फादर हसले. "बाई, कापड खोटं निघालं म्हणून माझी प्रार्थना खोटी ठरत नाही. तपासा म्हणून मीच तर आग्रह धरला."

ते खरंच होतं. बाई परतल्या, तेव्हा सर त्यांच्याच टेबलाशी बसले होते.

"काळजी करू नकोस, पोरी. मी समितीशी बोलतो तुझ्याबद्दल."

बाईंनी तुकडा त्यांच्यापुढे ठेवला.

"सर, एवढे टाके घालायला तास लागतो. मी कापल्यापासून लाख लागेपर्यंत पाचच मिनिटं गेली. म्हणजे हा तुकडा मी कापलेलाच नाही. तो आधीपासून तयार होता, कोणाच्या तरी खिशात. फादरना सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. असे टाके दोघंच घालतात. एक मी, आणि दुसरे, ज्यांनी मला बोटं टोचून घेत शिकवले ते. तुमच्या शिकवणीच्या पेटीत येशूच्या काळच्या लिननचे तुकडे असायचे, त्यातलाच ना हा? प्रयोगशाळा चुकलीच नाही. तिला दिलेलं कापडच वेगळं होतं. आणि कड मोकळी ठेवणं तुम्हाला जन्मात जमायचं नाही."

सरांनी तुकड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"चाळीस वर्षं, पोरी. तू चार पानांत पुसून टाकलीस."

"मग भांडायचं होतंत माझ्याशी! चारचौघांत खोडून काढायचं होतंत! वडिलांच्या जागी मानलं मी तुम्हाला, आणि तुम्ही केसाने गळा कापलात."

"तुझं वय आहे अजून. तू सावरली असतीस."

हे मात्र बाईंना सोसलं नाही. डोळे पुसत त्यांनी हात पुढे केला.

"माझा तुकडा द्या."

सरांनी चष्म्याचं घर उघडलं. कापसात खरा नमुना होता. त्याच्याही चारी कडा तशाच बारीक टाक्यांनी बांधलेल्या.

"फेकवेना," ते पुटपुटले.

बाईंनी तो नव्या डबीत ठेवला. लाख या वेळी त्यांनी स्वतः लावली.

"उद्या अकराला या, सर. समितीशी बोलणार होतात ना माझ्याबद्दल? बोला."