डाव्या सीटचं वजन

निघोज्यात एमआयडीसीच्या मागे माझी पत्र्याची शेड आहे. बत्तीस वर्षं कंपनीच्या टूलरूममध्ये काढली. निवृत्तीनंतर या शेडमध्ये दुहेरी पंखांचं छोटं विमान बांधलं. दोन सीट, शेजारी शेजारी. उजवी माझी, डावी कस्तुराची, म्हणजे माझ्या बायकोची.

असं विमान सरळ उडायचं तर पंखांमधल्या तारांचा ताण जुळावा लागतो. तो मी दोघांचं वजन आत ठेवूनच जुळवत होतो. माझ्या जागी वाळूचं पोतं ठेवलं. तिच्यासाठी दुसरं भरायचा कंटाळा केला आणि तिलाच बसवलं. बावन्न किलो. ती जरा हलली की पंखावर ठेवलेल्या लेव्हलमधला बुडबुडा सरकायचा आणि मी ओरडायचो.

मे महिन्यातली दुपार होती, पत्रा तापलेला. दोन तासांनी ती म्हणाली, "जीव घाबरा होतोय. उठू का?"

"मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

त्यानंतर ती खरंच हलली नाही. बुडबुडा मधोमध थांबला. मी एकेक तार निवांत लॉक केली. आज काम मनासारखं झालं म्हणून मला आनंद झाला होता. डॉक्टर म्हणाले, जाऊन तास तरी झाला असेल.

सहा महिन्यांनी विमान नगर रस्त्याकडच्या एका खासगी धावपट्टीवर नेलं. सोबत ज्योतीराम होता, मूळचा बीडचा, हवाई दलातून निवृत्त झालेला मेकॅनिक. डावी सीट रिकामी, म्हणजे विमान उजवीकडे झुकणार, हे आम्ही दोघंही धरून चाललो होतो. दांडा घट्ट धरूनच मी हवेत गेलो.

सरळ उडालं. हात सोडला तरी सरळ.

उतरल्यावर ज्योतीरामने सगळ्या तारा पुन्हा तपासल्या. मग डाव्या सीटवर बावन्न किलो वाळू बांधायला लावली.

पुन्हा हवेत गेलो. आता विमान डावीकडे ओढत होतं.

वाळू काढली. पुन्हा सरळ.

ज्योतीरामने हत्यारांची पिशवी आवरली. सीटकडे न बघता म्हणाला, "राव, वहिनींना उतरवा."

"मग तारा पहिल्यापासून जुळवाव्या लागतील," मी म्हणालो. "सगळा हिवाळा जाईल."

तो पुन्हा आला नाही.

मी दर रविवारी उडतो. पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये पलंगाची तिची बाजू रिकामी असते. इथे नसते.

गेल्या महिन्यापासून विमान किंचित उजवीकडे जायला लागलं. थोडी थोडी वाळू घालून बघितलं. अकरा किलोला सरळ झालं. म्हणजे तिचे एक्केचाळीस उरलेत.

अकरा किलोचं पोतं शिवून घेतलंय. तिच्या मांडीवर येईल असं बांधतो.

उठ, असं मी अजून सांगितलेलं नाही.