चौथी जागा

संग्रहालयात माझं काम नोंदीचं. वस्तू आली की तिची लांबी-रुंदी, कुठे ओरखडा, कुठे टवका, सगळं लिहायचं आणि खाली सही ठोकायची: हेमाली ठाकूर. लोकांना हे काम रटाळ वाटतं. मला आवडतं, कारण त्यात कुणाला काय वाटतं याला जागाच नसते. टवका असतो किंवा नसतो.

आमचं संग्रहालय थळच्या अलीकडे, खाडीकडे तोंड करून बांधलेलं. गेल्या डिसेंबरात तिथे गुणाजी भोईरांच्या स्मरणार्थ प्रदर्शन लागलं. गुणाजी आमच्यातलेच, मिठागरवाल्या घरातले. मुंबईला जाऊन त्यांनी खुर्च्या, दिवे, बाटल्यांची झाकणं डिझाइन केली, नाव कमावलं, आणि साठीनंतर वस्तू बनवणंच सोडून दिलं. मग नुसत्या सूचना लिहायचे. कागदावर चार ओळी, त्या इतरांनी पार पाडायच्या, हीच कलाकृती. मी म्हणायचे, हे बरंय बाबा, घाम दुसऱ्याचा आणि नाव यांचं! दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि अशी एक सूचना मागे राहिली.

काचेच्या छताखाली खाडीच्या मातीचा, मिठागरातल्यासारखा वाफा करावा. मिठागरवाल्या घरांतल्या आठ जणांनी तो अनवाणी तुडवावा. शेवटी पूर्वेच्या कडेला ओळीने उभं राहून मागच्या मागे बाहेर यावं. पावलांच्या त्या आठ जोड्या पुसू नयेत. खाडीचं पाणी सोडावं. मीठ धरेल. शेवटच्या दिवशी ते येणाऱ्यांना वाटून टाकावं, मागे काही ठेवू नये.

सात जण मिळाले, सगळे साठीच्या पुढचे. आठवा मिळेना म्हणून मी माझ्या भावाचं नाव दिलं. धर्मादादा टेम्पो चालवतो. ऐंशी किलोचा गडी, उजव्या टाचेला शिंपल्याने कापलेली फुलीसारखी खूण. लहानपणी माझी चप्पल चिखलात रुतली, ती काढायला गेला तेव्हाची ती खूण. मी बोलावलं म्हणून तो आला, एवढं आधीच सांगून ठेवते.

तासभर तुडवणं झालं. आमच्याकडे रीत अशी, की मिठागराची माती घरी न्यायची नाही. बाहेर आलं की पाय घमेल्यात धुवायचे आणि ते गढूळ पाणी त्याच वाफ्यात ओतायचं. सातही जण कडेला बसून तेच करत होते. दादाला फोटोसाठी हाका चालल्या होत्या.

"दादा, लादी खराब होतेय. बाथरूममध्ये धू आणि चल लवकर," मी म्हणाले.

त्याने अंबाजीबाबांकडे पाहिलं. ते सगळ्यांत वडीलधारे. मी वैतागले. "अरे, इथे कुठलं आलंय मिठागर? प्रदर्शन आहे हे!"

तो गेला. बाथरूमच्या नळाखाली पाय धुऊन, माझ्या धाकाने पुसूनसुद्धा आला.

संध्याकाळी मी पावलांची नोंद घेतली. सात जोड्या. चौथ्या जागी, जिथे दादा उभा होता, तिथे माती गुळगुळीत. कुणाच्या तरी हातून पुसली गेली असेल, म्हणून मी 'चौथी जोडी अस्पष्ट' असं लिहिलं. खरं तर ती अस्पष्ट नव्हती, मुळात नव्हतीच. खोटी नोंद मी आयुष्यात तेवढी एकच केली.

दुसऱ्या दिवशी दादा अंघोळ करून ओल्या पायांनी घरभर फिरला. शहाबादी फरशीवर एक ठिपका उमटला नाही. आई एरवी यावरून त्याच्या नावाने शिमगा करते. ती खूश झाली. "बघ, आज शहाणा झाला. पाय पुसून आलाय माझा लेक!"

दादा हसला. मीही हसले. मग माझं लक्ष फरशीवरून हटेना.

आठवड्याभरात तो कामावरून चिडून आला. माल भरायला जातो त्या गेटवरच्या मशीनने त्याचा अंगठा घेतला नव्हता. तिसऱ्यांदा घेतला नाही, तेव्हा त्यांनी त्याला माघारी पाठवलं. "हेमे, अंगठा झिजतो का गं?" त्याने विचारलं. मी त्याला किनाऱ्यावर नेलं. ओल्या वाळूत आम्ही शंभर पावलं चाललो. मागे वळून पाहिलं तर एकटी मीच चालत आले होते.

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला.

तोवर वाफ्यात पाणी सोडलं होतं. जानेवारीच्या मध्याला पाण्याखाली, चौथ्या जागी, एक टाच उमटली. टाचेवर फुली होती. मी पट्टी घेऊन खोली मोजली: चार मिलिमीटर. पुढच्या सोमवारी दोन्ही पावलं पूर्ण, अकरा मिलिमीटर. त्याच्या पुढच्या सोमवारी एकोणीस. बाकीच्या सात जोड्या पाण्याने हळूहळू पुसट होत होत्या. ही एकटीच रुतत चालली होती, वर कुणी उभं असल्यासारखी.

मी यशराला दाखवलं. यशरा मुकादम आमची क्युरेटर, मूळची श्रीवर्धनची, डोक्याने थंड आणि मनाने चांगली. तिने माझ्या नोंदी वाचल्या, वाकून पाहिलं.

"माती दबत असेल, हेमाली. तू रजा घे दोन दिवस."

मग मी अंबाजीबाबांच्या घरी गेले. ते अंगणात जाळीच्या खुर्चीत बसले होते. मी सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"पाय कुठं धुतलान त्यानं?"

मी सांगितलं.

"बाबा, काय करू? आता धुतले तर चालेल का?"

"आता पानी सोडलाय, पोरी."

"मग?"

"मग काय? मीठ धरल."

मला त्यांचा इतका राग आला! काहीतरी उतारा सांगा, नारळ सांगा, शिव्या तरी घाला! पण त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हातारा माणूस माझ्यासमोर नुसता हात चोळत बसला.

तरीही एका सकाळी, दारं उघडण्याआधी, मी दादाला आत घेतलं. त्याने चपला काढल्या, पँट दुमडली आणि चौथ्या जागी उतरला. पाणी घोट्याच्या वर आलं. त्याने पाय चोळले, खळबळवले.

पाणी हललं नाही.

छतावरून जाणारा ढग त्यात स्वच्छ दिसत होता, जरासुद्धा न थरथरता. दादाने माझ्याकडे पाहिलं. आजवर त्याने माझ्यासमोर भीती दाखवली नव्हती.

"हेमू," तो म्हणाला, "गार लागत नाही गं."

मार्चच्या अखेरीला मीठ धरलं. पांढरं, खडेदार. शेवटच्या दिवशी तीनशे माणसं आली, मुंबईची, पुण्याची, काही परदेशची. मी यशराचे हात धरले. निदान चौथ्या जागचं मीठ राहू दे, वाटू नकोस, पाया पडते.

ती खरंच कळवळली. "वारसांशी करार आहे, हेमाली. 'मागे काही ठेवू नये' असं गुणाजींनी स्वतः लिहिलंय. मी काय करू, सांग?"

लाकडी फावड्यांनी मीठ ओढायला सुरुवात झाली. मी चौथ्या जागेवर जाऊन उभी राहिले, तर संग्रहालयातल्याच दोघींनी मला अलगद बाजूला केलं. सगळं मीठ मधोमध एका ढिगात आलं. त्यातलं कुठलं चौथ्या जागचं, ते आता कुणालाच सांगता आलं नसतं.

दादा कठड्याला टेकून उभा होता. लोक त्याच्या अगदी जवळून जात होते, कुणी "सॉरी" म्हणत नव्हतं.

पुड्या बांधल्या जाऊ लागल्या. पन्नास, शंभर.

"बरं वाटतंय," तो म्हणाला. "हलकं."

"दादा, माझा हात धर."

त्याने धरला असावा. मला कळलं नाही.

दोनशे.

मी रांगेत घुसले, शेवटची पुडी ओढून घेतली आणि मागे वळले. कठड्याशी कुणी नव्हतं. दाराजवळच्या स्टँडवर त्याच्या चपला होत्या, नीट जोडून ठेवलेल्या.

आईला मी सांगितलं, गाडी घेऊन गुजरातला गेलाय, महिनाभर लागेल. पुडी एका काचेच्या बरणीत रिकामी केली आणि माळ्यावर, जुन्या भांड्यांच्या मागे ठेवली. रोज झोपण्यापूर्वी बरणी हलवून मीठ सपाट करते. रोज सकाळी त्यात एक अंगठा उमटलेला असतो. मशीनने न घेतलेला. मी तारीख टाकून नोंद ठेवते. बाकीच्या दोनशे नव्याण्णव पुड्या कुणाकुणाच्या घरी गेल्या, त्याची यादी कुणीच केली नाही. मीसुद्धा नाही.

काल दुपारी घरी आले, तर बरणी ओट्यावर होती. उघडी, आत चमचा. घरातलं मीठ संपलं म्हणून आई स्टुलावर चढली होती.

"आई, कशात घातलंस?"

"बोंबलाच्या कालवणात. का गं, ठेवणीतलं होतं का?" तिने पळी हातावर टेकवून रस चाटला आणि थांबली. तोंडात घोळवत राहिली. तिचा चेहरा इतका निवलेला मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"धर्मा आला वाटतं," ती म्हणाली. "हाक मार त्याला."

मग तिने पळी पुन्हा पातेल्यात बुडवली.